एकाच बाटलीतले रेणू

१४ सप्टेंबर १९९८, सोमवार

आज पुन्हा बकऱ्याची आतडी. मटणवाल्या रंगनाथकडून सकाळीच स्टीलच्या डब्यात बर्फ घालून आणली. आतडे उलगडायचे, उभे चिरायचे, धुवायचे आणि आतला बुळबुळीत थर काचेच्या पट्टीने खरवडून घ्यायचा. आमचे एन्झाइम त्या थरात असते, अल्कलाइन फॉस्फटेज. तीन वर्षे हेच करते आहे, तरी पहिली खरवड मी तोंड फिरवूनच घेते. मग त्यात ब्युटेनॉल ओतायचे. त्याचा वास नाकात असा बसतो की दिवसभर चहालाही तीच चव येते. कॅन्टीनचा चहा तसाही वेगळा लागत नाही म्हणा.

घरी आई दारातच बादली भरून ठेवते. आंघोळ झाल्याशिवाय मला उंबऱ्याच्या आत प्रवेश नाही. गेल्या महिन्यात दिंडोरीहून पाहुणे मला पाहायला आले होते. मुलाच्या आईने विचारले, मुलगी कॉलेजात नेमके काय करते? धाकट्या भावाने, कुंदनने, आतड्यांचे सगळे सांगून टाकले. बाईंनी हातातला पोह्यांचा घास परत बशीत ठेवला. मला त्यांचा राग आला नाही, कुंदनचा आला.

पण सोडता येत नाही. मी बायोकेमिस्ट्री शिकवते ती तात्पुरती. दर एप्रिलला नोकरी जाते, दर जूनला पुन्हा लागते. पीएच.डी. झाली की कायम करू, असे संस्थेने तोंडी सांगितले आहे. आणि पीएच.डी. अडली आहे माझे मार्गदर्शक देवरे सर यांच्या सहीवर. सर पेनाच्या टोपणाने कान कोरतात आणि तेच टोपण माझ्या आलेखावर टेकवून "इथे बघ" म्हणतात.

२० सप्टेंबर, रविवार

पुण्याहून आणलेले शोधनिबंधांचे झेरॉक्स आज तिसऱ्यांदा वाचले. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाचून अंगावर काटा आला.

परीक्षानळीत एन्झाइमचे अब्जावधी रेणू असतात. आम्ही मोजतो ती त्या सगळ्यांच्या कामाची सरासरी. परदेशात काही लोकांनी एकेक रेणू सुटा करून मोजला आणि त्यांना दिसले की एकाच एन्झाइमचे रेणू सारखे काम करत नाहीत. कुणी झपाट्याने करतो, कुणी रेंगाळत. का, यावर त्यांचे एकमत नाही.

सुटे करायची एक जुनी युक्ती आहे, तिला मोठी यंत्रे लागत नाहीत. एन्झाइम इतके पातळ करायचे की त्याचे बारीक थेंब तेलात उडवले तर बहुतेक थेंब रिकामेच राहावेत आणि एखाद्यातच एक रेणू सापडावा. थेंबात असे रसायन घालायचे की एन्झाइमने ते तोडले की ते निळ्या उजेडात हिरवे चमकते. मग नुसते थांबायचे. थेंब जितका चमकेल तितका आतला रेणू कामसू. रसायन पुण्याच्या एका मैत्रिणीने दिले आहे. निळ्या उजेडाचा मायक्रोस्कोप शरणपूर रोडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. क्षयाच्या थुंकीसाठी तो वापरतात. रविवारी वापरू देतील. म्हणजे आठवडाभर आतडी आणि रविवारी थुंकीच्या डब्यांचा शेजार. माझ्या नशिबात सुगंध नाहीच.

रेणू वेगळे असतात याचे मला नवल वाटले नाही. आमचेच घर बघा. एक आई, एक बाप, एक चूल. मी एम.एस्सी.ला पहिली आले. कुंदन दहावीला नापास झाला आणि पुन्हा त्या वाटेला गेला नाही. त्या वर्षी बाबा मणक्याच्या ऑपरेशनमुळे दवाखान्यात होते. माझी बारावी होती म्हणून पहाटे मला कुणी हाक मारत नसे, मळ्यातली फुले तोडायलाही नाही आणि ती विकायला बाजारालाही नाही. अडचण घरात होती, ती दोघांनाही सारखीच होती. पण डोके जन्मतःच असावे लागते. वर्गात एन्झाइम शिकवताना मी हे उदाहरण देते. मुलांना हसू येते.

३० सप्टेंबर, बुधवार, खंडेनवमी

ही खेप आजवरची सगळ्यात चांगली. छोट्या छोट्या बाटल्या भरून काल डीप फ्रीझरमध्ये लावल्या. दसरा झाला की थेंबांना हात घालायचा.

आज लॅबसाठी घरून झेंडूची टोपली आणली. लॅब अटेंडंट वाल्मीकने आठवडाभर आधी सांगून ठेवले होते. खंडेनवमीला सगळी यंत्रे बंद करायची, धुवायची, पुसायची, हळदकुंकू लावून हार घालायचे आणि दसरा होईस्तोवर त्यांना चालवायचे नाही. सर सेंट्रिफ्यूजपुढे हात जोडून डोळे मिटून उभे होते. त्याच सेंट्रिफ्यूजची दुरुस्ती ते वर्षभर पुढे ढकलत आहेत. मला हे बघवेना.

वाल्मीक म्हणाला, "मॅडम, तुमी जा बिनघोर. समद्या मशिनी आरशावानी करतो. एक बी सोडणार नाय."

घरी आले तर ओट्यावर झेंडूचा डोंगर. दोन दिवस मलाही फुलबाजारात तराजूशी बसायचे आहे. डॉक्टरेट करणारी बाई आणि "दे गं दोन रुपयांनी कमी". बोटे पिवळी होतात ती आठवडाभर जात नाहीत.

३ ऑक्टोबर, शनिवार

लॅब खरेच लखलखीत होती. फ्रीझरच्या दारावर हळदकुंकवाची पाच बोटे आणि झेंडूचा हार. आत बर्फाचा कणसुद्धा नाही. एरवी सुरी घालून खालचा खण उचकटावा लागतो, आज बोटाने सरकला. माझ्या बाटल्या उंचीप्रमाणे ओळीत लावलेल्या, झाकणांवर हळदकुंकवाचे ठिपके. वाल्मीकला मी कधी शाबासकी देत नाही, आज दिली. तो लाजला.

आईची एक तक्रार: बाजारात मी गिऱ्हाइकांवर खेकसत होते आणि कुंदन मागून गोड बोलून त्यांना परत बोलवत होता. म्हणाली, "चौथीच्या स्कॉलरशिपला त्याला तुज्यापरीस जास्ती मार्क व्हते, पर कधी तोरा नाय." आईला मार्कांतले काय कळते.

११ ऑक्टोबर, रविवार

दिसले.

अंधाऱ्या खोलीत डोळा लावला तर आधी काहीच नाही, काळोख. मग सवय झाली आणि एकेक हिरवा ठिपका वर आला. आणि ते सारखे नव्हते. एकाच मापाचे थेंब, एकाच बाटलीतले एन्झाइम, आणि एक ठिपका लख्ख तर शेजारचा असा मंद की आहे की नाही याचीच शंका यावी. मधल्या सगळ्या पायऱ्याही होत्या. फोटो काढले. घाईत पहिला रोल वाया गेला.

बाहेर आले तेव्हा भूक लागली होती. थुंकीच्या डब्यांजवळ उभी राहून मी चिवडा खाल्ला. मलाच माझे नवल वाटले.

२६ ऑक्टोबर, सोमवार

स्टाफरूममध्ये दुसरा विषयच नाही, कांदा. लासलगावला आज काय भाव फुटला, कुणाच्या मेहुण्याने किती गाड्या दाबून ठेवल्या. केमिस्ट्रीची प्राध्यापक मंडळी डोळे बारीक करून कांद्यावर बोलतात. किळस येते.

सरांना फोटो दाखवले. आधी म्हणाले, "थेंब लहानमोठे असतील." नाहीत. मग म्हणाले, "एकात दोन रेणू असतील." इतके पातळ केल्यावर तसे क्वचितच होते. मग कान कोरणे थांबले. टोपण पेनाला लावून त्यांनी फोटो खिडकीशी धरले आणि पहिल्यांदाच मला "बस" म्हणाले.

"सुवर्णा, आपण हे फेब्रुवारीत पुण्याच्या परिषदेत मांडायचं."

या "आपण"मध्ये मी किती आणि ते किती, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

९ डिसेंबर, बुधवार

परिषदेला सारांश गेला. पहिले नाव सरांचे. मांडणीही तेच करणार. मी "सहकार्य".

स्पष्टीकरण मात्र माझे आहे. या एन्झाइमच्या अंगाला साखरेच्या छोट्या साखळ्या चिकटलेल्या असतात. पेशी त्या प्रत्येक रेणूला मोजूनमापून लावत नाही, कुणाला कमी, कुणाला जास्त. म्हणजे रेणू घडतानाच वेगळे घडतात. सरांना ते फार आवडले. "जन्मजात विषमता" असा शब्द त्यांनी काढला आणि दिवसभर भेटेल त्याला ऐकवला. माझा विचार त्यांच्या तोंडून ऐकला की दुसऱ्याच्या तोंडातला घास काढून खाल्ल्यासारखे वाटते.

पण प्रबंधाचे शेवटचे प्रकरण झाले. सर म्हणाले, परिषद झाली की सही. जूनपासून मी कायम.

१६ जानेवारी १९९९, शनिवार

फ्रीझरचा खालचा खण पुन्हा बर्फाने धरला. सुरी घालताना माझ्या बोटाला लागले. वाल्मीकला म्हटले, जरा साफ करत जा की मधूनमधून.

तो म्हणाला, "आता एकदम दसऱ्यालाच, मॅडम. मधी बंद करायला सर नाय म्हनत्यात."

"मधे बंद करायला कोण सांगतंय? दसऱ्याला बंद केला होतास?"

"मंग? नवमीला बटन काढलं, दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर लावलं. दर साली तसंच."

"आणि आतल्या बाटल्या?"

"ह्या टेबलावर मांडल्या व्हत्या, वर वलं फडकं टाकून. त्यास्नी बी हळदकुंकू लावलं. एक बी सांडली नाय."

त्याने हे मला खुशीत सांगितले, शाबासकी मिळालेल्या माणसाने सांगावे तसे. मी बोटांवर तास मोजले.

दीड दिवस. ऑक्टोबरचा उकाडा. आतड्यातून एन्झाइम काढताना प्रथिने कातरणारी दुसरी एन्झाइमेही चिमूटभर बरोबर येतात, कितीही धुतले तरी. गारठ्यात ती गप्प असतात, उबेत कामाला लागतात. कुणा रेणूचा कोपरा कुरतडला, कुणाचे दोन, कुणी साफ वाचला. सरासरी जराशीच उतरली असेल, म्हणून मलाही शंका आली नाही. मी तीन महिने जे बघून थरारत होते ते जन्मजात नसेलही. उष्टावलेले एन्झाइम असेल.

वाल्मीकवर कोणत्या तोंडाने ओरडणार? फुले मीच आणून दिली होती. चकचकीत फ्रीझर बघून एक प्रश्न विचारायचा होता, तो सुचला नाही. मला माझीच शिसारी आली.

१८ जानेवारी, सोमवार

सरांना सांगितले. त्यांनी उठून दार लावून घेतले. मग म्हणाले, "तो माणूस काहीही बोलतो."

मी म्हटले, ताजी खेप करून बघू, म्हणजे कळेल.

"सारांश छापून आलाय. आता शंका काढायची नाही."

"पण सर, ताज्यात ठिपके सारखे निघाले तर?"

"म्हणूनच बघायचं नाही," सर म्हणाले. मग बहुधा स्वतःचे वाक्य त्यांच्या कानावर पडले. टोपण काढून कान कोरू लागले.

२० जानेवारी, बुधवार

न सांगता करायचे ठरवले. फ्रीझरवर विसंबायचे नाही, सगळे बर्फातच. कुंदनने एम-एटी गाडीवर दोन्ही बाजूंना थर्माकोलची खोकी बांधली. बर्फाच्या कारखान्यातून लादी फोडून आणली, मग रंगनाथकडे. रंगनाथने आतडी काढून थेट बर्फात टाकली. म्हणाला, "बाई, इतकी घाई तर लग्नाच्या ऑर्डरीला बी नसती."

वाटेत पंचवटीच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. बर्फ वितळतो आहे म्हणून मी कुंदनवर वैतागले. तो हॉर्नसुद्धा वाजवत नव्हता. मी म्हटले, "तुला कशाची निकड म्हणून वाटत नाही. दहावीलाही अशीच झोप काढलीस."

तो पुढेच बघत म्हणाला, "झोप कुठली, ताई. गणिताच्या पेपरला मी फुलबाजारात व्हतो. लग्नतिथ व्हती. माल सोडून येता आलं नाय."

"मग पुन्हा का नाही बसलास?"

"पुढल्या साली तुज्या होस्टेलचं निघालं."

मागचा टेम्पो भोंगा वाजवायला लागला आणि विषय राहिला. आता लिहिताना वाटते, एखाद्या पेपरची सबब पुढे करणे सोपे असते. बाकीचे पेपर तर त्याने दिलेच असतील. त्यात किती पडले, हे मात्र मी कधी विचारले नाही. उद्या ब्युटेनॉल संपेल, मागवायला हवे.

२४ जानेवारी, रविवार

ताजे एन्झाइम, एकदाही न गोठवलेले. डोळा लावायच्या आधी मी देवाचे नाव घेतले आणि मग स्वतःचीच लाज वाटली, कारण नेमके काय मागायचे ते ठरत नव्हते.

ठिपके सारखे आहेत.

अगदी तंतोतंत नाहीत. थोडे उजळ आहेत, थोडे मंद आहेत. पण तो लख्ख आणि मरतुकडा असा भेद नाही. तिथल्या स्टुलावर बसून मी रडले. शेजारच्या खोलीतल्या तंत्रज्ञाला वाटले, माझाच रिपोर्ट आला. त्याने पाणी आणून दिले.

३१ जानेवारी, रविवार

याच ताज्या खेपेतल्या निम्म्या बाटल्या मी लॅबच्या टेबलावर दीड दिवस ठेवल्या होत्या, वर ओले फडके टाकून आणि शेजारी ऑक्टोबरइतकी ऊब देणारा दिवा लावून. आज त्यांचे थेंब बघितले. पुन्हा तेच, लख्ख, मंद, मरतुकडे, सगळ्या पायऱ्या. बर्फातल्या निम्म्या तशाच, एकसारख्या.

म्हणजे आता पळवाट नाही. जन्मतः सगळे जवळजवळ सारखे होते. फरक आम्ही पाडला.

३ फेब्रुवारी, बुधवार

सरांपुढे दोन्ही फोटो ठेवले. त्यांनी ताज्या खेपेचा फोटो उलटा करून माझ्याकडे सरकवला, खरकटी बशी सरकवावी तसा.

"तुला कायम व्हायचंय ना?"

"हो."

"मग मला हे दिसलेलं नाही, तूही दाखवलेलं नाहीस."

वाईट माणसाची किळस येणे सोपे आहे. सर वाईट नाहीत. माझी फी त्यांनी दोनदा भरली आहे. निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत आणि आयुष्यात पहिल्यांदा पुण्यात त्यांना कुणी ऐकणार आहे. हे सगळे कळूनही त्या खोलीत मला थांबवेना.

मी गप्प बसणार आहे, असे आज तरी वाटते. एप्रिल जवळ आला आहे.

१३ फेब्रुवारी, शनिवार, पुणे

काल सरांचे भाषण झाले. नवा कोट होता, बाहीवरची चिठ्ठी काढायची राहिली होती. पडद्यावर माझे ठिपके. "जन्मजात विषमता" म्हटल्यावर पहिल्या रांगेतल्या दोघांनी लिहून घेतले. मी मागे बसले होते. गप्पच बसणार होते. पण त्या दोघांना लिहिताना बघितले आणि ब्युटेनॉलचा वास आल्यासारखे झाले. ते आता घरी जातील, आपल्या विद्यार्थ्यांना सांगतील, ते विद्यार्थी आणखी कुणाला सांगतील.

प्रश्नोत्तरांत मी उभी राहिले. सरांना वाटले, मी मदतीला उठले. ते हसले.

मी सांगितले की या बाटल्या दसऱ्याला दीड दिवस फ्रीझरबाहेर होत्या. ताज्या खेपेत ठिपके जवळजवळ सारखे आहेत. बाहेर ठेवले की वेगळे होतात. फोटो माझ्याजवळ आहेत.

कुणीतरी विचारले, दसऱ्याला कशाला बाहेर? मी म्हटले, फ्रीझरची पूजा होती. सभागृह हसले.

अध्यक्षस्थानी मुंबईच्या एक वयस्क बाई होत्या. त्या हसल्या नाहीत. इतका वेळ सगळे इंग्रजीत चालले होते, त्या मराठीत म्हणाल्या, "ज्यांच्या फ्रीझरला खंडेनवमीला हळदकुंकू लागत नाही, त्यांनी हात वर करा."

हसू थांबले. एक हात वर गेला, तो बंगळूरचा माणूस होता आणि त्याला प्रश्नच कळला नव्हता. शेजाऱ्याने कानात सांगितल्यावर त्यानेही हात खाली घेतला.

सर प्रोजेक्टरवरच्या पारदर्शिका गोळा करत होते. एक खाली पडली. ती उचलायला मी पुढे गेले नाही.

नंतर चहाच्या रांगेत लोक एकेकटे येऊन मला भेटले. आमचेही तसेच होत असेल हो, म्हणाले. पण आमचे छापून झाले आहे, म्हणाले. एकाने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि आपल्या कॉलेजचे नाव कुठे घेऊ नकोस म्हणून विनवले. त्याचे हात ओले होते. मी बाहेर नळावर जाऊन साबण लावून हात धुतले.

१५ फेब्रुवारी, सोमवार

येताना एकाच एस.टी.त होतो. सर पुढे, मी मागे. सिन्नरला गाडी थांबली तेव्हा ते माझ्या बाकाशी आले.

"मी सही करणार नाही. दुसरा मार्गदर्शक बघ."

मी "हो सर" म्हटले. त्यांनी बाकाच्या दांड्यावरचा हात काढला. मग जाऊन बसले.

आज प्राचार्यांनीही बोलावून सांगितले की जूनचे काही खरे नाही. एप्रिलपर्यंत शिकवा. लॅबची चावी तोवर तुमच्याकडे राहू द्या.

मला भीती वाटते. तीन वर्षे घाण उपसली आणि हाती काय? संध्याकाळी दारातल्या बादलीपाशी तशीच बसून राहिले. आईने दोनदा हाक मारली. कुंदन बाजारातून आला, त्याने गाडी लावली आणि समोरच्या दगडावर टेकला.

मी त्याला सगळे सांगितले. पूर्वी कधी सांगितले नव्हते, त्याला काय कळणार म्हणून. ठिपके, फ्रीझर, सर, नोकरी. शेवटी हेही सांगितले की ताज्या खेपेतसुद्धा थोडे ठिपके वेगळे होतेच. त्यांना कुणी कुरतडले नव्हते, उबेत ठेवले नव्हते. त्यांचे कारण मला अजून ठाऊक नाही. ते साखरेमुळे असेल किंवा आणखी कशामुळे, आणि आता मला ते शोधायला कुणी सांगणारही नाही.

तो ऐकून उठला आणि गाडीची खोकी सोडून धुवायला घेतली.

"चावी एप्रिलपर्यंत हाय ना?" त्याने विचारले. "मंग उद्या बर्फ किती आणू, ताई?"